पाखाडीच्या घरात सामान कसे पोहोचवावे : स्थानिक हमाल ठरवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक वाड्यांमध्ये डांबरी रस्ता वरच्या अंगाला संपतो आणि घर मात्र खाली, माडापोफळीच्या आगरात किंवा एखाद्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी असते. मध्ये जांभ्या दगडाच्या पन्नास, शंभर, कधी दीडशे पायऱ्यांची पाखाडी असते. मुंबईतील बिऱ्हाड आवरून गावी स्थायिक होणारी किंवा शहरातील जुने कपाट आणि फ्रीज गावच्या घरी पाठवणारी कुटुंबे टेम्पोचे भाडे घासाघीस करून ठरवतात, पण टेम्पो जिथे थांबतो तिथून पडवीपर्यंतच्या वाटेचा विचार बहुधा टेम्पो येऊन उभा राहिल्यावरच होतो. त्या शेवटच्या वाटेविषयी जे प्रश्न नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मुंबईहून सामान आणणारी कंपनीच ते पाखाडीवरून घरात का आणून देत नाही?

काही कंपन्या देतात, परंतु त्यांच्या दरपत्रकातील ‘दारापर्यंत’ या शब्दाचा अर्थ इमारतीच्या, आणि तोही लिफ्ट असलेल्या इमारतीच्या, दारापर्यंत असा असतो. गाडीबरोबर आलेली दोन-तीन माणसे मुंबईत सामान चढवून आणि रात्रभर हौद्यात किंवा केबिनमध्ये अवघडून, तीनशे-साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून आलेली असतात. समोर ओळखीची नसलेली उतरती वाट दिसली की ती एकतर सामान रस्त्याच्या कडेला उतरवून मोकळी होतात किंवा जागेवरच जादा पैशांची बोली सुरू करतात. त्यांचा सर्वस्वी दोष आहे असे म्हणता येत नाही, कारण पायऱ्यांचा उल्लेख त्यांच्याजवळ कोणी केलेलाच नसतो.

यावर आमच्या मते एकच चांगला उपाय आहे, तो म्हणजे काम दोन भागांत तोडणे. गाडी कोठपर्यंत जाईल ते ठिकाण, म्हणजे अमुक वाडीचा थांबा, देवळासमोरचे पटांगण किंवा शाळेजवळचे वळण, वाहतूकदाराच्या कागदावर नावानिशी लिहून घ्यावे आणि तेथून पुढचे काम गावातील माणसांना स्वतंत्रपणे द्यावे. जी माणसे त्या पाखाडीवरून वर्षभर ओझी नेतात, त्यांना कोणती पायरी डगमगते आणि कोठे टेकायला जागा आहे हे न पाहताही ठाऊक असते.

अशी माणसे गावात कोणाला विचारून मिळतात?

गावात ‘सामान हलवणारे’ अशी पाटी लावलेले दुकान सहसा नसते. आपल्या वाडीत गेल्या एक-दोन वर्षांत कोणाचे घर बांधले किंवा दुरुस्त केले गेले असेल, तर त्या गवंड्याला आधी विचारावे, कारण चिरे, सिमेंट आणि वाळू त्याच पाखाडीवरून खाली नेणारी टोळी त्याला माहीत असते. मंडप घालणारे, पाण्याच्या टाक्या बसवणारे आणि लाकूडतोडीची कामे घेणारे लोकही जड वस्तू अरुंद वाटेने नेण्यात तयार असतात. आंब्याच्या मोठ्या बागांमध्ये राखणीला असलेले नेपाळी कामगार बागायतदाराच्या संमतीने एखादा दिवस मिळू शकतात. कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने पाठीवर ओझे पेलण्याची त्यांची रीत चढ-उताराच्या वाटेवर फार उपयोगी पडते.

मुंबईतून फोनवर माणसे ठरवायची असल्यास टोळीतील एका माणसालाच प्रमुख मानून सगळे बोलणे त्याच्याशी करावे. भावकीतील तीन जणांना तीन वेगवेगळे निरोप दिले की त्या दिवशी एकतर बारा माणसे येतात किंवा एकही येत नाही.

माणसे किती लागतील आणि वेळ किती लागेल?

आधी पायऱ्या मोजाव्यात. एका पायरीची उंची सरासरी सात इंच धरली तर दीडशे पायऱ्यांची पाखाडी सुमारे ८७ फूट खोल उतरते. म्हणजे लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीच्या जवळजवळ नवव्या मजल्यावरून सामान उतरवण्यासारखे हे काम आहे. हे गणित घरमालकाच्या डोळ्यांसमोर असले की मजुरीच्या बोलण्यात दोन्ही बाजूंना अवघडलेपण राहत नाही.

अशा वाटेवर ओझे घेऊन खाली जाणे, उतरवणे, रिकाम्या हाताने वर येणे आणि दम घेणे यासाठी एका खेपेला दहा-बारा मिनिटे लागतात. समजा खोकी, गोण्या, गाद्या आणि खुर्च्या मिळून साठ नग आहेत आणि माणसे सहा आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा खेपा येतात व किरकोळ सामानाला दोन तास पुरतात. कपाट, फ्रीज, पलंग अशा जड वस्तूंचा वेळ त्याव्यतिरिक्त धरावा, कारण त्या वेळी चार-पाच माणसे एकाच वस्तूला जुंपलेली असतात आणि वाट इतरांसाठी बंद होते. या कारणाने किरकोळ सामान आधी आणि जड सामान नंतर, असा क्रम काही टोळ्या ठेवतात. काही जण अंगात जोर असताना जड काम आधी उरकतात. दुसरी रीत आम्हाला अधिक पटते, कारण थकलेल्या पायांनी कपाट उतरवण्यापेक्षा थकलेल्या पायांनी उशा उतरवणे केव्हाही बरे.

सामान कशात बांधावे?

शहरातील कंपन्या मोठी पुठ्ठ्याची खोकी देतात. ती सपाट जमिनीवर सोयीची असली तरी पाखाडीवर नडतात. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेल्या खोक्यामुळे पुढची पायरी दिसत नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून किंवा खांद्यावर नेता येईल अशी बांधणी हवी, म्हणून कपडे, अंथरुणे आणि न फुटणारी भांडी गोण्यांत भरावीत. पुस्तकांची खोकी लहान ठेवावीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहून नेण्याच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सांगितली आहे, परंतु ती कमाल मर्यादा आहे. उतरत्या, ओबडधोबड पायऱ्यांवर एका नगाचे वजन वीस-पंचवीस किलोंच्या वर जाऊ देऊ नये. सिमेंटची गोणी ५० किलोंची असते आणि तीही माणसे याच वाटेने नेतात हे खरे, पण ती पडली तर फक्त सिमेंट सांडते.

आधी कशाकशाचे मोजमाप घ्यावे?

पाखाडीची सर्वांत अरुंद जागा, सर्वांत तीव्र वळण, वाटेवर झुकलेल्या फांद्यांची आणि विजेच्या तारांची उंची, वाटेत साकव (ओढ्यावरचा लहान पूल) असल्यास त्याची रुंदी आणि कठडा, आणि शेवटी घराचे दार. यांपैकी वळणाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. तीन फूट रुंदीच्या सरळ वाटेवरून सात फूट लांबीचा सोफा सहज जातो, पण दोन्ही बाजूंना छातीएवढा गडगा (रचलेल्या दगडांचा बांध) असलेल्या काटकोनी वळणावर तो अडकतो. प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतःच्या सोफ्यावर गिरवला आहे: मुंबईहून आलेला तीन बैठकींचा सोफा अखेरच्या वळणावर असा रुतला, की तो परत वर नेऊन शेजाऱ्यांच्या पडवीत ठेवावा लागला आणि सुताराने त्याचे हात सोडवून देईपर्यंत तीन रात्री तो तिथेच राहिला. शेजाऱ्यांनी त्याचा पुरेपूर उपभोग घेतला.

घराच्या आतले मापही तितकेच महत्त्वाचे आहे. नेहमीचे मोठे लोखंडी कपाट ७८ इंच उंच, ३६ इंच रुंद आणि १९ इंच खोल असते. ते आडवे करून आत नेले आणि उभे करू लागले की त्याचा कर्ण आड येतो: ७८ आणि १९ इंच बाजूंच्या आयताचा कर्ण ८० इंचांहून थोडा अधिक भरतो. म्हणजे कपाट साडेसहा फुटांचे असले तरी ते उभे करण्यासाठी सुमारे पावणेसात फूट उंची मोकळी हवी. कौलारू घरात पडवीकडे छप्पर उतरत येते, त्यामुळे तेथे ते उभे राहत नाही. माजघरावर लाकडी माळा असेल तर तेथेही तुळई आडवी येते. तेव्हा ज्या खोलीत कपाट ठेवायचे आहे तिची तुळईखालची उंची मोजून घ्यावी आणि नंतरच कपाट गाडीत चढवावे. माप कमी पडत असेल तर ते कपाट मुंबईतच कोणाला देऊन टाकणे स्वस्त पडते.

मोजमाप घेणे शक्य नसेल तर गावातील कोणाला तरी रस्त्यापासून पडवीपर्यंत न थांबता चालत मोबाइलवर चित्रीकरण करून पाठवायला सांगावे आणि ते टोळीच्या प्रमुखाबरोबरच वाहतूकदारालाही दाखवावे.

मजुरी कशी ठरवावी?

तीन पद्धती रूढ आहेत. रोजावर माणसे घेतली तर टेम्पो उशिरा आला तरी रोज द्यावाच लागतो. खेपेवर ठरवले तर खेपा वाढवण्यासाठी ओझी हलकी होत जातात, किंवा उलट लवकर संपवण्याच्या भरात वस्तू आपटतात. उक्ते, म्हणजे सगळ्या कामाचे मिळून एकच, ठरवले तर आकडा आधीच कळतो, पण सामानाची यादी खरी दिलेली असेल तरच तो टिकतो. ‘थोडंच सामान आहे’ असे फोनवर सांगून प्रत्यक्षात दोन खोल्यांचे बिऱ्हाड उतरवणाऱ्याने नंतर वाद झाल्यास नवल मानू नये.

आमचा सल्ला असा, की किरकोळ सामान उक्ते ठरवावे आणि कपाट, फ्रीज, शिसवी पलंग, घरघंटी यांचे दर नगावर वेगळे बोलावेत. महामार्गावरील खोळंब्यामुळे गाडी काही तास उशिरा येणे नेहमीचेच असल्याने थांबण्याचे पैसे किती, आणि अंधार पडल्यास काम दुसऱ्या दिवशी करायचे की नाही, हेही त्याच बोलण्यात मिटवावे. रात्री पाखाडीवर जड वस्तू उतरवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. उजेड अपुरा असतो आणि गडग्याच्या फटींतून फुरशांचा, म्हणजे विषारी सापांचा, वावर असतो. चहा, पिण्याचे पाणी आणि वेळ जेवणाची असल्यास जेवण यांचा हिशेब करायचा नसतो; ते द्यायचेच असते.

वर्षातील कोणता काळ चांगला?

भातकापणी आटोपल्यानंतरचा, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा. जून-जुलैत माणसे लावणीत गुंतलेली असतात, ऑक्टोबरात कापणी-झोडणीत आणि मार्चपासून मेअखेरपर्यंत आंबा-काजूच्या कामात. शिमग्याला आणि गणपतीला माणसे गावात भरपूर दिसतात, पण कामाला एकही मिळत नाही. शिवाय गणेशोत्सवाच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घातली जाते. लहान टेम्पो तिच्या कक्षेत येत नसले तरी त्या गर्दीत सामानाची गाडी काढणे शहाणपणाचे नाही.

पावसाळ्यातच सामान न्यावे लागले तर?

टाळता येत नसेल तर दोन गोष्टींची तयारी ठेवावी. जांभ्यावर शेवाळ इतके दाट धरते की रोजच्या पायाखालची वाटही निसरडी होते, म्हणून दोन दिवस आधी पाखाडी खराट्याने घासून घ्यावी; ब्लीचिंग पावडर वापरल्यास ती विहिरीकडे वाहून जाणार नाही हे पाहावे. दुसरे म्हणजे, रस्त्याच्या कडेला ज्यांचे घर आहे त्यांच्याकडे एका रात्रीपुरती पडवी मागून ठेवावी. पाऊस थांबण्याची वाट पाहत सामान हौद्यात ताडपत्रीखाली ठेवले तर टेम्पोवाल्याचे खोळंबा-भाडे चढत राहते, आणि पाऊस तर थांबत नाहीच.

जड वस्तू पायऱ्यांवरून उतरवताना कोणती काळजी घ्यावी?

वस्तू उतारावर कलती झाली की तिचा अधिक भार खालच्या बाजूच्या माणसांवर येतो, म्हणून टोळीतील सर्वांत दणकट आणि सर्वांत अनुभवी माणसे खाली असावीत. वरच्या बाजूने दोरखंड बांधून एकाने तो ताणून धरावा. वाटेच्या कडेला जाडजूड झाड असेल तर त्याला एक वेढा देऊन दोर हळूहळू सोडता येतो. एक माणूस मोकळ्या हाताने पुढे चालून पायऱ्या सांगणारा असावा, आणि थांबा म्हणण्याचा अधिकार फक्त त्यालाच असावा. घरमालकाने, त्याच्या काकांनी आणि वरून पाहणाऱ्या शेजाऱ्यांनी एकाच वेळी सूचना दिल्यामुळे अपघाताची वेळ येते, हे अनुभवाने सांगतो.

कपाटातील फळ्या काढून घ्याव्यात आणि दारे कुलूप लावूनही दोरीने बांधावीत. फ्रीज शक्यतो उभाच न्यावा. पाखाडीवर आडवा करावाच लागला, तर घरात उभा केल्यानंतर काही तास चालू करू नये, म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल जागेवर परतते. समोरून उघडणाऱ्या धुलाई यंत्राच्या ड्रमला प्रवासासाठी लावायचे बोल्ट मिळतात. ते यंत्राबरोबर आले होते पण कोठे ठेवले हे कोणालाच आठवत नाही, म्हणून आठवडाभर आधी शोधावेत. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नास किलोंच्या पुढे भरते आणि तिच्यात आम्ल असते. ती कधीही कलती करू नये, डोक्यावर तर मुळीच देऊ नये. दोन माणसांमध्ये झोळी करून ती उभी न्यावी.

बांबूला वस्तू टांगून खांद्यावर नेण्याची पद्धत सरळ वाटेवर उत्तम आहे. वळणावर मात्र बांबूची लांबीच आड येते, त्यामुळे तेथे तो सोडवून वस्तू हातांनी वळवण्याइतकी जागा आणि माणसे हवीत.

गॅसचा सिलिंडर बरोबर न्यावा का?

नाही. दुसऱ्या गावी कायमचे जात असल्यास सिलिंडर आणि रेग्युलेटर सध्याच्या वितरकाकडे जमा करून जोडणी बदलीचा कागद घ्यावा आणि गावाजवळच्या वितरकाकडे तो दाखवून नवीन सिलिंडर घ्यावा. मात्र हाही सिलिंडर दर वेळी पाखाडी उतरणारच आहे: घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि भरलेल्या सिलिंडरचे एकूण वजन तीस किलोंच्या आसपास जाते. वितरकाची गाडी कोठपर्यंत येते आणि पुढे तो कोण उतरवतो, याची व्यवस्था त्याच टोळीशी बोलून लावता येते.

वाट दुसऱ्याच्या खळ्यातून (अंगणातून) जाते. परवानगी घ्यावी लागते का?

रोजच्या जाण्या-येण्याला कोणी हरकत घेत नाही, पण दहा माणसे कपाटासह खळ्यातून जाणार असतील तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगावे. नुकतेच सारवलेले खळे, वाळत घातलेले भात किंवा आमसुले अशा वेळी मध्ये येतात. वहिवाटीच्या वाटेत अडथळा केल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते हे खरे आहे; परंतु टेम्पो वर उभा असताना हा अधिनियम उपयोगाचा नाही, आणि भावकीत जुना वाद असेल तर सामानाचा दिवस तो उकरून काढण्याचा नव्हे. गडग्याचा एखादा दगड हलला तर तो त्याच दिवशी बसवून द्यावा.

सामान फुटले तर भरपाई कोणाकडून मिळते?

वाहतूकदाराच्या ताब्यात असताना नुकसान झाले असेल तर त्याच्याकडून, आणि तेही मालाची किंमत आधी लेखी जाहीर केली असेल किंवा विमा उतरवला असेल तर पुरेशी. अन्यथा त्याची जबाबदारी मर्यादित राहते. यासाठी सामान रस्त्यावर उतरताच, पाखाडीवर जाण्याआधी, प्रत्येक मोठ्या वस्तूची छायाचित्रे काढावीत आणि गाडीबरोबरच्या माणसाची सही घ्यावी. एकदा वस्तू पाखाडीवरून उतरू लागली की ‘आमच्याकडून नीट उतरली होती’ या वाक्याला उत्तर नसते. वाहतूकदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

गावातील टोळीकडून मात्र फुटलेल्या वस्तूची भरपाई मागण्याची रीत नाही, आणि रोजावर आलेल्या माणसाकडून फ्रीजची किंमत वसूल करणे न्याय्यही नाही. काचेची तावदाने, देवघर आणि तसबिरी घरच्या माणसांनी स्वतः न्याव्यात.

एखाद्या माणसाला इजा झाली तर?

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंतच येते. तेथपर्यंत माणसाला खुर्चीत किंवा झोळीत घालून वर आणावे लागते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे अंतर आणि वाडीत कोणाची गाडी उभी असते, हे आधी माहीत असावे. उपचारांचा खर्च आणि कामाला न जाता आलेल्या दिवसांचा रोज घरमालकाने द्यावा, आणि हे काम ठरवतानाच सांगावे.

घरगुती सामानासाठी ई-वे बिल (मालवाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र) लागते का?

वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंना वस्तू व सेवा कर नियमांनुसार ई-वे बिलातून सूट आहे. नवीन विकत घेतलेला फ्रीज किंवा टीव्ही त्याच गाडीत असेल तर त्याची पावती बरोबर ठेवावी.

माथेरानसारख्या ठिकाणीही हीच पद्धत चालते का?

तेथे प्रश्न पायऱ्यांचा नसून वाहनांचा आहे. माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले आणि खासगी मोटारी व टेम्पो दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत. पुढचे अंतर सामान घोड्यावर, हातगाडीवर किंवा हमालांच्या डोक्यावर जाते, त्यामुळे बांधणीचा आकार घोड्याच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना समतोल बसेल असा ठेवावा लागतो. दर आणि माणसे मात्र तेथल्याच संघटित हमालांकडून आणि घोडेवाल्यांकडून ठरतात. बाहेरून टोळी नेण्याचा विचार करू नये.

गावच्या घरातील जुना पलंग किंवा लाकडी पेटारा मुंबईला न्यायचा आहे. वर चढवणे अधिक कठीण असते का?

दम अधिक लागतो, पण धोका तुलनेने कमी असतो, कारण वस्तू हातातून सुटून वेगाने पुढे जाण्याची भीती उतरतानाइतकी नसते आणि चढताना पाय कोठे पडतो ते दिसते. माणसे एक-दोन जास्त घ्यावीत आणि टेकण्याच्या जागा आधी ठरवाव्यात. जुने शिसवी पलंग बहुधा खुंट्यांवर जोडलेले असतात. सुताराकडून ते सुटे करून प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करावी. पेटारा मात्र हलवण्यापूर्वी उघडून पाहावा. वर्षानुवर्षे एका जागी असलेल्या पेटाऱ्याचा तळ वाळवीने खाल्लेला असतो, आणि ते पाखाडीच्या मध्यावर कळण्यापेक्षा माजघरात कळलेले बरे. मुंबईच्या टोकाला पुन्हा जिना असेल, तर तिथल्या पायऱ्याही मोजून ठेवाव्यात.